बिनसांध्याचा फोटो

“सांधा दिसतोय का कुठं? नीट बघा बुवा, आन मग सांगा.”

नवऱ्या मुलीचा बाप दागिन्यांचा डबा उघडून धरतो ना, तसा हिंदुरावांनी मोबाइल सोमगीर बुवांच्या पुढ्यात धरला.

बुवा धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी हात झटकले, पंच्याला पुसले, आणि मग मोबाइल घेतला.

बघत राहिले…

कोयनेच्या काठी महादेवाचा लहानसा मठ, तिथले हे गोसावी. भगवी वस्त्रं घेण्याआधीची सगळी हयात त्यांनी साताऱ्याच्या एका फोटो स्टुडिओत काढली होती. मागल्या अंधाऱ्या खोलीत बसायचं, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, आणि निगेटिव्हवरचे लोकांचे देवीचे वण बुजवायचे. नवरीच्या डोळ्यांत उजेड घालायचा. संसार सुटला, गाव सुटलं, पण फोटोचा नाद काही सुटला नाही. कुणा भक्तानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. तो मठाच्या पडवीत दत्ताच्या तसबिरीखाली बसला, फडकं पांघरून.

दुपारी ज्याला हौस असेल त्यानं यावं, शिकावं. फी नाही, गंडा नाही. एवढंच की इथं केलेलं काम विकायचं नाही.

आणि शिकवणं तरी कसं! ब्लाउज शिवणाऱ्या सरूबाईनं एकदा तुळशीपुढच्या पणतीचा फोटो आणला. पणती काही केल्या उजळेना. बाईनं उजेड वाढवला, पिवळा रंग चढवला, ज्योत ओढून मोठी केली. पणती आपली मेलेलीच. बुवांनी ज्योतीला बोटही लावलं नाही. मागं शेजारणीच्या खिडकीतली ट्यूबलाइट दिसत होती, तेवढी मालवली. तशी पणती अशी काही पेटली की सरूबाईनं आपसूक हात जोडले.

हिंदुरावही काही कच्चे नव्हते. एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांनी उभा जन्म गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले आणि घर खायला उठलं, तेव्हा हा छंद लागला. म्हशीला चांदण्यात उभी केली. विहिरीत चंद्र सोडला. स्वतःच्या टकलावर केस उगवून दाखवले, तर बायको म्हणाली, “ह्यांच्यासंगं लगीन झालं असतं तर बरं झालं असतं.”

पण त्यांचा खरा हात होता पुसण्यात. विजेच्या तारा, खांब, मागं उभी असलेली नको ती माणसं, सगळं जायचं, आणि गेलं हे कळायचंही नाही. जत्रेच्या फोटोतली अख्खी जत्रा पुसून त्यांनी एकटा नंदी ठेवला होता. तो नंदी एवढा एकटा, एवढा शांत, की बुवांनी स्वतः तो गाभाऱ्याच्या बाहेर लावला.

तेव्हापासून हिंदुरावांचे पाय जरा जमिनीच्या वरून चालत.

“काय म्हनता?” हिंदुरावांना दम निघेना.

“सांधा न्हाई,” बुवा म्हणाले. “वा! नेमका हात हाय तुझा.”

शेजारी बसलेल्या सरूबाईनंही मान लांब केली. “बघू बघू. अगं बया, ह्या तुमच्या आई, हौसाआत्या न्हवं? किती गोड दिसतात. आन बाजूचा पडदा काय सुरेख हाय.”

“पडदा न्हवताच तिथं,” हिंदुराव हसले. “पडदा म्या घातलाय.”

“मग काय हुतं?”

“… जगू हुता.”

सरूबाईचं तोंड उघडंच राहिलं. जगू म्हणजे हिंदुरावांचा पाठचा भाऊ, हे सगळ्या गावाला ठाऊक. दोघांचं बोलणं बंद आहे हेही ठाऊक. का बंद आहे, ते तर जास्तच ठाऊक.

झालं होतं असं. वडलांचं वर्षश्राद्ध होतं. थोरले म्हणून पिंड ठेवायचा मान हिंदुरावांचा. पण त्यांची गाडी घाटात बंद पडली. कंट्रोलरचीच गाडी! दुपार कलली, गुरुजी घाई करायला लागले, आई म्हणाली ठेव बाबा तूच, म्हणून जगूनं पिंड ठेवला. त्याचंही एक वेळ चाललं असतं. पण ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. हिंदुराव धापा टाकत नदीच्या घाटावर पोचले तर लोक पायऱ्या चढून परत निघालेले, आणि जो तो म्हणतोय, म्हाताऱ्याचा जीव जगूतच होता.

ते वाक्य त्यांच्या जिवाला लागलं. त्या दिवसापासून जगूच्या दारात पाय नाही.

“परवा आईचं सहस्रचंद्रदर्शन हाय,” हिंदुराव बुवांना सांगायला लागले. “तिला म्हनलं, तुला काय पायजे? शालू घे, पाटल्या घे. तर म्हनाली, काय नको. हा फोटू मोठा करून भिंतीला लाव. मांडव हाय, भावकी हाय. म्हनून तुमची नजर फिरवून घ्यायला आलो.”

“हाच म्हनाली?”

“हाच.”

“ह्यात जगू हुता, म्हनून म्हनाली का…”

“फोटू तर त्योच हाय की बुवा! साडी ती, अंगण ते, मी तो. आन तिला दिसतंय कुठं एवढं आता.”

 बुवांनी मोबाइल कॉम्प्युटरला जोडला. तोच फोटो मोठा होऊन स्क्रीनवर आला.

आता हौसाबाई नीट दिसल्या. अंगणात उभ्या, डोक्यावर पदर, ओठ मुडपून हसणाऱ्या. उजव्या अंगाला हिंदुराव, हाताची घडी घालून, फौजदारासारखे ताठ. डाव्या अंगाला पडदा, निळ्या फुलांचा. त्याच्या चुण्यासुद्धा खऱ्या वाटत होत्या.

“पदराचं काम बघा,” हिंदुराव पुढं सरकले. “हितं खांद्यावर त्याचा हात हुता. ती चार बोटं काढताना माझी रात गेली. खालचा काठ जुळवायचा म्हंजे…”

“काठ जुळलाय,” बुवा म्हणाले. “साडी विणणाऱ्याला सुद्धा कळायचं न्हाई.”

हिंदुरावांची छाती फुगली.

“आता एक कर,” बुवा म्हणाले. “उठ. आईसारखा उभा ऱ्हा.”

ही बुवांची जुनी पद्धत होती. ज्याचा फोटो हाती घ्यायचा त्याच्यासारखं एकदा उभं राहायचं, मान तशी, खांदे तसे, भार त्याच पायावर. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतही ते नवरीचा फोटो असला की नवरीसारखे लाजून बसायचे, पैलवानाचा असला की मांडी ठोकून. मालक हसायचा. पण अंगाचा भार कुठं पडतो ते कळलं की सावली कुठं पडते तेही कळतं, असं त्यांचं म्हणणं.

“बाई हुयाचं व्हय आता?” हिंदुराव कुरकुरले.

“आई हुयाचं हाय,” सरूबाई म्हणाली. तिनं आपल्या हातानं त्यांच्या डोक्यावर उपरणं पदरासारखं टाकलं. “हां. आता ओठ मुडपा, कंट्रोलर.”

हिंदुराव स्क्रीनकडं बघत उभे राहिले. मान डावीकडं कलती केली. खांदा खाली सोडला.

“आणखी कल,” बुवा म्हणाले. “बघ, ती केवढी कललीय.”

ते आणखी कलले.

“पाय तिचा उचललाय. टाच टेकलेली न्हाई.”

हिंदुरावांनी उजवी टाच उचलली. कमरेतून डावीकडं भार टाकला… आणि गेला तोल! डावा पाय फेंगडा पडला, हात हवेत, उपरणं जमिनीवर.

सरूबाई खळखळून हसली. “आत्याबाई पडल्या गं!”

“परत,” बुवा म्हणाले.

ते परत उभे राहिले. परत पडले. या खेपेला खांबाला धरलं म्हणून वाचले.

“खांब न्हाई तिथं. पडदा हाय,” बुवा म्हणाले. “पडद्याला टेक.”

“पडद्याला कसं टेकायचं बुवा?”

“मला काय ठाऊक. तुझ्या फोटूत तर टेकलीय.”

आता सरूबाई हसली नाही.

हिंदुराव स्क्रीनवरच्या आईकडं बघत राहिले. किती रात्री त्यांनी या फोटोत घातल्या होत्या. काठ बघितला, फुलं बघितली, चुण्या बघितल्या. आई मात्र आत्ता दिसत होती. फोटोतल्या हिंदुरावांकडं पाठ करून, अंगाचा सगळा भार त्या निळ्या फुलांवर टाकून, खुशाल हसत उभी होती. अशी आत्ता पडेल की मग पडेल.

पण हिंदुराव म्हणजे हार खाणारा गडी नव्हे.

“त्यात काय एवढं,” त्यांनी उपरणं उचललं. “मला तिकडं नेतो. पडदा काढतो आन डाव्या अंगाला मीच उभा ऱ्हातो. माझा हात तिच्या खांद्यावर. दोन तासाचं काम.”

“झकास,” बुवा म्हणाले. “पर ह्या फोटूत तुझ्या हाताची घडी हाय. खांद्यावर ठेवायला हात कुठला आणनार?”

“दुसऱ्या फोटूतला. ढीग पडलाय फोटूंचा.”

“आण.”

हिंदुराव मोबाइल घेऊन खाली बसले आणि बोटानं फोटो सरकवायला लागले.

हा निवृत्तीचा. हात शालीवर.

हा स्टँडवरचा. हातात माइक.

हा नव्या स्कूटरचा. हात हँडलवर.

हा बैलपोळ्याचा. बैलाच्या पाठीवर हात, काय झोकात टाकलाय.

“हा घ्या की,” सरूबाई हळूच म्हणाली. “बैलावरचा.”

त्यांनी तो मोठा करून बघितला. हात चांगला होता. पण तो बैलावरचाच हात होता, कुठंही नेला तरी. पणतीचा उजेड ओळखणाऱ्या बुवांपुढं तो कसा ठेवणार? बोट पुढं सरकलं.

चांदण्यातली म्हैस गेली. विहिरीतला चंद्र गेला. केसवाले हिंदुराव गेले. पुढाऱ्याच्या हातात हात, जावयाच्या गळ्यात हात, नातवाच्या डोक्यावर हात. आईसोबतचेही होते की, बरेच होते. दिवाळीतला होता, गृहशांतीचा होता. सगळ्यांत ती खुर्चीत, आणि हे मागं. हाताची घडी घालून. फौजदारासारखे ताठ.

बोट थांबलं.

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढा आवाज येत होता…

“घावला हात?” बुवांनी विचारलं.

हिंदुरावांनी नाही म्हणून मान हलवली. वर मात्र बघितलं नाही.

मग म्हणाले, “बुवा, परत पहिल्यासारखा करतो फोटू. जगू असू दे. असू दे तिच्याजवळ.”

“कर की. मूळचा फोटू हाय ना?”

हिंदुरावांनी मोबाइल पालथा ठेवला.

“हाय का न्हाई?”

“खोडला. हे काम जमलं त्याच राती खोडून टाकला. म्हनलं, मागं काय ऱ्हायला नको.” ते बुवांकडं वळले. “पर तुम्ही हाय की. तुम्ही काय बी करू शकता. त्या निळ्या फुलांच्या मागनं काढा त्याला. तुम्हांला काय अवघड हाय?”

बुवांनी स्क्रीनकडं बघितलं. ज्यांच्या बोटाखाली मेलेली पणती पेटायची, ज्यांनी फुटक्या काचेच्या निगेटिव्हवरून लोकांचे आजे-पणजे उभे केले, ते बुवा खुर्चीवरून उठले आणि हिंदुरावांच्या शेजारी खाली जमिनीवर बसले.

“मला येत न्हाई,” ते म्हणाले.

बुवांच्या तोंडून हे शब्द सरूबाईनं कधी ऐकले नव्हते. हिंदुरावांनीही नाही. ते बुवांच्या तोंडाकडं बघतच राहिले. थट्टा नव्हती.

“म्हंजे… गेला?”

“पुसलेलं मागं जाऊन कुठं बसतं, ते आपल्याला ठाऊक नसतं, हिंदुराव. पडदा तू घातलास. पडद्यामागं पडद्याबिगर काय न्हाई.”

हिंदुरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बैलावर टाकलेला तोच हात, माइक धरलेला तोच. 

“परवा मांडव हाय,” ते पुटपुटले. “आई भिंतीकडं बघंल. दिसत न्हाई म्हनलो मी, पर ती हात फिरवून बघती बुवा. नाणं सुद्धा हातानं ओळखती. खांद्यापाशी हात नेईल आन इचारंल, हितं जगूचा हात कुठाय…”



सरूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही.



“ह्यो फोटू मुळात काढला कुणी?” बुवांनी विचारलं.

“जगूच्या बायकोनं. बोलणं चालू हुतं तवा, तिच्याच मोबाइलवर.”

“मग तिच्याकडं असंल.”

“असंल… तिनं कुठं काय पुसलंय.”

“कुठं ऱ्हातो जगू?”

“ह्या काय, पुलाच्या पलीकडं. हितनं दिसतंय घर.”

त्यांनी बोट केलं. आणि बोट केलं तरी तिकडं बघितलं नाही.

“बुवा, मी जाऊ शकत न्हाई. काय तोंड घिऊन जाऊ? काय म्हनू त्याला, तुला पुसलाय, फोटू परत दे?… तुम्ही मला दुसरं काय बी शिकवा. तुमचे पाय सोडणार न्हाई मी.”

असं म्हणून हिंदुरावांनी खरोखरच वाकून बुवांचे पाय धरले.

बुवांनी पाय मागं घेतले.

“माझे कशाला धरतोस? तुझा गुरू पुलापलीकडं ऱ्हातो.”