ठकूबाईची मोकळी पात

फार वर्षांपूर्वी, निंबगव्हाणच्या नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली गाठीच्या तापाची साथ आली. आधी उंदीर पडले, मग माणसं पडली. उरलेलं गाव घरांना कड्या घालून माळावर झोपड्यांत राहायला गेलं. एका झोपडीतलं माणूस दुसऱ्या झोपडीकडे फिरकेना. आणि नेमकी तेव्हाच ज्वारी पिकली.

दर सुगीला नदीपलीकडून कापणीची माणसं येत. त्या साली ती काठापर्यंत आली, माळावरच्या झोपड्या पाहिल्या, आणि पाण्यात पाय न घालताच परत गेली. एकट्या घराला ज्वारी उरकत नाही. कापणीला माणसं ओळीने वाकतात. ज्याच्या-त्याच्या वाट्याला ताटांचा एक पट्टा, त्याला पात म्हणायचं. खांद्याला खांदा लागतो, पाणी एकाच घागरीचं. आता खांदा लावायचा कुणाला? कणसं वाळली, दाणे मातीत गळू लागले. त्या साली पाखरं तेवढी धष्टपुष्ट झाली, असं म्हणतात.

गावात ठकूबाई नावाची बाई होती. तापात तिचा नवरा गेला, पाठोपाठ दीर गेला. तिची झोपडी सगळ्यांत लांब. तिच्यात दोन लेकरं आणि मडक्याच्या तळाशी चार दाणे. एका सकाळी ती विळा घेऊन दगडूतात्यांच्या बांधावर उभी राहिली.

"तात्या, आज तुमचं कापू. उद्या दुसऱ्याचं, मग माझं."

"ठके, तुझ्या घरातली दोन माणसं गेली. तुझ्या शेजारी कोण वाकंल गं?"

"शेजारी नका वाकू. एक पात मोकळी सोडून वाका."

"आणि मधली कोण कापणार? तुझा सासरा?"

"गेलेल्यांनी कापावी. ती तरी कुठं कामात हायती?"

तात्यांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी माळावर कुणी हसलं होतं.

त्या दिवशी माघातलं दाट धुकं होतं. ठकूबाईने कडेची पात धरली. एक सोडून तात्या वाकले. मग एकेका झोपडीतून माणूस आलं आणि मधे एकेक पात सोडून उभं राहिलं. कुणाला कुणी दिसेना. नुसती विळ्यांची खसखस, आणि ती माणसांच्या मानाने फार जास्त होती, असं म्हणतात.

ठकूबाईच्या डावीकडे मोकळ्या पातीत कुणीतरी दमाने कापत होतं. मधेच थांबायचं, कंबर सरळ करायची, 'हं' म्हणायचं आणि पुन्हा वाकायचं. ही रीत तिच्या नवऱ्याची. तिचे डोळे भरून आले, पण तिने मान वळवली नाही. पाहिलं तर तो थांबेल, असं तिला वाटलं.

"घाई करू नका," ती हळूच म्हणाली, "पात लांब हाय."

धुकं विरलं तेव्हा सगळं रान आडवं झालं होतं, मधल्या पातींसकट. असंच एकेक शेत होत गेलं. शेवटी ठकूबाईच्या तुकड्यावर अख्खा माळ लोटला आणि तिच्या लेकरांनी पोटभर भाकरी खाल्ली.

निंबगव्हाणला आजही सुगीची पहिली पात दुखवट्याच्या घरच्या माणसाला देतात, आणि त्याच्या शेजारची ठकूबाईच्या नावाने मोकळी सोडतात. संध्याकाळपर्यंत तीही कापून होते. कुणी कापली, हे तिथे कुणी कुणाला विचारत नाही.