साहेबांच्या नावाचा आकडा

सन १९९७चा माघ महिना, थंडी सरत आलेली. भरती परीक्षेच्या कचेरीत निकालाची फाइल संगणकात ठेवली की ऑपरेटर विमल गव्हाणे एक आज्ञा देऊन तिचा पडताळ्याचा आकडा काढी आणि वहीत लिही. फाइलीत एक अक्षर बदललं तरी आकडा बदले.

त्या दिवशी मुख्याधिकारी खर्शीकरांनी आपल्या टेबलावरून त्याच फाइलीवर तीच आज्ञा दिली. आकडा वहीतल्यापेक्षा वेगळा आला.

“बाई, निकाल फिरवलात! नोकरी गेली समजा.”

“आणि मी खरी निघाले तर?”

“साऱ्या कचेरीसमोर हात जोडीन!”

विमलला संशय आज्ञेचाच होता. “साहेब, एका फाइलीत नुसतं स्वतःचं नाव लिहा. तुम्ही तिथून आकडा काढा, मी इथून काढते.”

आकडे वेगळे आले.

“आता तुमच्या नावात मी काय फिरवलं, साहेब?”

विमलने शोध घेतला. यंत्रात एकाच नावाच्या दोन आज्ञा दोन जागी होत्या, आणि दोघींची आकडा काढायची रीत वेगळी होती. साहेबांचं खातं एक उचलत होतं, विमलचं दुसरी. दोन्ही खात्यांनी एकच आज्ञा उचलावी म्हणून तिने दोन्हीकडे नुसत्या नावाऐवजी आपल्या आज्ञेच्या जागेचा पूर्ण पत्ता लिहिला. निकालाचा आकडा दोन्हीकडून वहीशी जुळला.

खर्शीकर उठले आणि साऱ्या कचेरीसमोर त्यांनी हात जोडले.