शेवटच्या घरातलं प्यादं

फार जुनी गोष्ट. बुद्धिबळाच्या सोंगट्या तेव्हा कुणाच्या बोटांची वाट न पाहता स्वतःच चालत. एकेक घर नाचत नाचत एक काळं प्यादं पटाच्या शेवटच्या घरात पोहोचलं. मागे त्याच्या राजावर पुढच्याच चालीला मात होणार होती.

“वजीर हो रे, वजीर!” हत्ती ओरडला. “इथवर आलेलं प्रत्येक प्यादं वजीरच होतं!”

“पण हत्तीदादा, वजीर झालो तर पांढऱ्या राजाला शह बसेल?”

“शह नाही बसणार. पण रुबाब बघ की!”

प्याद्याला हसू फुटलं. कोंडलेला पांढरा राजा बरोबर अडीच घरांवर होता, आणि अडीच घरांची उडी फक्त घोड्याची. प्यादं घोडा झालं. शह आणि मात!

“वेड्या, वजिरी सोडलीस?” वाचलेला राजा म्हणाला.

प्याद्याला उत्तर द्यायचं होतं, पण आनंदाने तोंडातून खिंकाळीच बाहेर पडली.