चांगलं जगणं म्हणजे काय?

तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा वर्ग बंद होणार, अशी कुणकुण लागली होती. शेवटच्या वर्षाला विद्यार्थी जेमतेम मूठभर. एके सकाळी संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब इंगवले थेट वर्गातच आले. शिकवणाऱ्या कुंभोजकर मॅडम अदबीनं बाजूला झाल्या.

"हे शिकून उपयोग काय, एवढं कोणीतरी सांगा," दादासाहेब गरजले. "नाहीतर जूनपासून या खोलीत कॉम्प्युटर लॅब!"

तबस्सुम मुजावरनं घरच्यांशी भांडून हा विषय घेतला होता. ती उभी राहिली.

"सर, लॅबचा उपयोग काय?"

"नोकरी लागते."

"आणि नोकरी कशासाठी?"

"अगं, माणूस चांगलं जगतो!"

"चांगलं जगणं म्हणजे काय, सर?"

"म्हणजे... पोटापाण्याची चिंता नको." मग दादासाहेबांनी स्वतःच मान हलवली. "तेवढ्यानंही भागत नाही म्हणा."

"याचं उत्तर लॅबमध्ये मिळणार असेल, तर आमचा वर्ग खुशाल बंद करा," तबस्सुम म्हणाली. "आठवडाभर आमचा यावरच वाद चाललाय. बसा ना सर, तुमच्या बाजूनं बोलायला इथं कोणीच नाही."

दादासाहेब खो खो हसले, बाक ओढून बसले आणि घंटा होईपर्यंत हिरिरीनं भांडले.

उठताना ते म्हणाले, "मॅडम, लॅबला दुसरी खोली बघू. आणि हा तास उद्या किती वाजता असतो?"