सर म्हणती सावकाश, कॅप्टन म्हणे पळ

एका गावात एक भोळा गडी होता, आणि गावाचं दुर्दैव असं की तो कॉलेजच्या कबड्डी संघात होता. नाव केरबा. घरात पिढ्यान्‌पिढ्या सनई, त्यामुळे दम असा की चढाईला गेला की पंच घड्याळ बघायचे, हा नाही. अंगानं दांडगा. सांगितलेलं सगळं ऐकायचा. हाच काय तो त्याचा दोष.

कारण सांगणारे दोघं होते. एक खेळ शिकवणारे चिकाटे सर. त्यांचं म्हणणं, कबड्डी सावकाश खेळावी, समोरच्याला दमवावं, मग हात मारावा. दुसरा कॅप्टन रणधीर. त्याचं म्हणणं, आत घुसावं, हात मारावा, त्याला कळायच्या आत परत यावं. सकाळी सरावाला हेच, दुपारी चहाला हेच. भांडणाला बायकाच पुढं असतात म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला यायला हवं होतं. बाकीचे गडी दोघांना हो म्हणायचे आणि आपल्या मनासारखं खेळायचे. केरबा दोघांना हो म्हणायचा आणि तसंच करायचा.

त्या वर्षी तालुक्याचा अंतिम सामना कॉलेजच्याच मैदानावर होता. संस्थेच्या चेअरमनना त्या मैदानावर मोटारी उभ्या करायला शेड घालायची होती. पोरांनी फार गळ घातली तेव्हा ते म्हणाले, सामना जिंका, मैदान तुम्हाला. हरलात तर शेड. गावात दुसरी सपाट जागा नव्हती. मैदान गेलं की कबड्डी गेली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सामना सुरू झाला. केरबा पहिल्याच चढाईला निघाला. सर बाहेरून म्हणाले, "केरबा, घाई करायची नाही. सावकाश."

केरबा सावकाश गेला. सावकाश एकाच्या खांद्याला हात लावला. गुण मिळाला असता. पण मग तो देवळातून दर्शन घेऊन निघाल्यासारखा सावकाश परत निघाला. मागून चौघांनी येऊन त्याला उचलला आणि आडवा केला.

रणधीरनं कपाळावर हात मारला. म्हणाला, "लेका, हात लागला की पळायचं. मागं वळूनसुद्धा बघायचं नाही."

"बरं," केरबा म्हणाला.

थोड्या वेळानं तो पुन्हा आत आला. आता समोरचा गडी चढाईला आला. त्यानं वाकून केरबाच्या गुडघ्याला हात लावला. हात लागला. केरबा पळाला. मैदानाबाहेर पळाला, मांडवाबाहेर पळाला, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. एसटी स्टँडवर चहा पिणाऱ्यांनी त्याला विचारलं, सामना संपला का. तो म्हणाला, माहीत नाही, मी मागं बघितलेलं नाही. सायकल पाठवून त्याला आणावा लागला.

आता सरांनी समजावलं. आपल्या हद्दीत कुणी आला की पळायचं नसतं. त्याचा पाय धरायचा. तो ओरडो, रडो, पाय सोडायचा नाही. पंचाची शिट्टी झाली की मगच सोडायचा.

"बरं," केरबा म्हणाला.

तेवढ्यात मध्यंतर झालं. मध्यंतरात पाहुण्यांनी मैदानात येऊन खेळाडूंशी हात मिळवायचा, ही आपल्याकडची रीत. चेअरमन पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीत आले. रांगेतून हसत हसत केरबापर्यंत आले, हात पुढं केला. केरबानं पाय धरला.

चेअरमन मातीत. केरबा घोट्याला चिकटलेला. सर म्हणाले सोड, रणधीर म्हणाला सोड, खुद्द चेअरमन म्हणाले बाबा रे सोड. केरबा शिट्टीची वाट बघत होता. पंच मांडवामागं वडापाव खात होते. त्यांना शोधून, तोंडातला घास गिळायला लावून शिट्टी वाजवून घेतली, तेव्हा पाय सुटला. चेअरमननी धोतर झटकलं आणि ते हसले. ज्याला त्यांचं हसू माहीत होतं तो दोन पावलं मागं सरला.

सर केरबाला कोपऱ्यात घेऊन गेले. आवाज चढवला नाही. म्हणाले, कुणी चांगला हसत आपल्याकडं आला की हात जोडावेत, बाजूला सरावं, त्याला वाट मोकळी करून द्यावी.

उत्तरार्ध सुरू झाला. समोरचा गडी चढाईला आला. तो स्वभावानंच हसरा होता. केरबानं हात जोडले, बाजूला सरला आणि म्हणाला, "या."

त्या गड्याला आधी वाटलं हा काहीतरी नवा डाव आहे. मग त्यानं केरबाच्या जोडलेल्या हातांना टपली मारली, जाताजाता आणखी दोघांना मारली आणि परत गेला. चढाई करणाऱ्याचा एवढा मान कबड्डीत कधी राखला गेला नसेल.

हे दुसऱ्या बाजूनं नीट बघून ठेवलं. पुढं केरबा आत येऊन चढाईला गेला, तर त्यांच्या सगळ्या गड्यांनी हसून हात जोडले, दोन्हीकडं सरले आणि मध्ये ऐसपैस वाट करून दिली. केरबाला फार बरं वाटलं. तो त्या वाटेनं शेवटपर्यंत गेला. मग वाट मिटली.

रणधीरनं खेळ थांबवून मागितला. सर म्हणत होते केरबाला बसवा. रणधीर म्हणत होता बसवून खेळवायचा कुणाला, राखीव उरलाय एकच, तोही लंगडतोय. नंतर सर म्हणाले आता तरी सावकाश खेळा, रणधीर म्हणाला सावकाश खेळूनच ही गत झाली. अर्धा वेळ त्यातच गेला. शेवटी रणधीरनं केरबाचे दोन्ही खांदे धरले.

"नीट ऐक. समोरचा हसून, हात जोडून मोकळी जागा देतो ना, तेव्हा तो सापळा असतो. तिथं पाऊल टाकायचं नाही. मागं फिरायचं आणि मधली रेषा गाठायची."

सर म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे." दोघांचं एकमत झालेलं केरबानं पहिल्यांदाच बघितलं. त्यानं ते मनात कोरून ठेवलं.

मग रणधीर खेळला. असा खेळला की त्याची घाईही विसरावी आणि सरांचं सावकाशही. केरबाही पुन्हा आत आला, संघ एका गुणानं पुढं गेला. पण एकेक करत सगळे बाद झाले, शेवटी रणधीरही, आणि शेवटच्या चढाईला मैदानात उरला एकटा केरबा. तो बाद झाला की सगळं गेलं. सर खाली बसले. रणधीरनं डोळे मिटले.

केरबा गेला. पलीकडची आतली रेषा ओलांडली, दम घुमत होता. समोरच्यांनी हात जोडले, हसले, वाट मोकळी केली. केरबानं वाटेकडं बघितलं. मागं फिरला. मधली रेषा गाठली. शिट्टी झाली.

गावानं त्याला डोक्यावर घेतलं. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रणधीर म्हणाला, शिकला, लेकाचा शिकला.

बक्षीस द्यायला स्टेज त्याच मैदानावर बांधलं होतं. चेअरमननी माईक हातात घेतला. शब्द दिलेला होता, सगळं गाव समोर होतं, सुटका नव्हती. त्यांनी सामन्याच्या वीराला वर बोलावलं. मग हसून, हात जोडून म्हणाले, "केरबा, ही एवढी मोकळी जागा आजपासून तुमची. सगळ्यांच्या वतीनं तू घे."

केरबानं त्यांच्या हसण्याकडं बघितलं. जोडलेल्या हातांकडं बघितलं. मोकळ्या जागेकडं बघितलं.

"नको," तो माईकमध्ये म्हणाला.

"काय म्हणालास?"

"ही जागा आम्हाला नको."

खालून सर दोन्ही हातांनी सावकाश, सावकाश असं खुणावत होते. रणधीर घे, लवकर घे असं खुणावत होता. चेअरमननी मात्र ना सावकाश केलं, ना घाई. म्हणाले, "पोरांच्या इच्छेपुढं आपण कोण? शेडचं काम उद्यापासून सुरू." लोकांना भाषण संपलं की टाळ्या वाजवायची सवय, त्यांनी वाजवल्या.

केरबानं स्टेजवरून उडी मारली, पळत जाऊन मधल्या रेषेला हात टेकवला आणि दोघांपुढं येऊन उभा राहिला. छाती फुगलेली, चेहरा उजळलेला.

"बघितलंत ना, सर? केवढा मोठा सापळा लावला होता. मी पाऊलसुद्धा टाकलं नाही."