इनासची पाळी

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, आणि वसईच्या बाजाराला जायचं तर पडावाची वाट बघावी लागे. त्या काळी नांदोळखार गावात इनास नावाचा माणूस राहत होता. त्याचा चेहरा आठवणारं आज कुणी नाही, पण त्याचं नाव माहीत नसलेलं पोरही गावात सापडायचं नाही.

नांदोळखार हे समुद्राकडून मागून घेतलेलं गाव. एका अंगाला खारं पाणी. दुसऱ्या अंगाला भातशेती, केळीच्या बागा आणि गावाचं एकुलतं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. दोहोंच्या मधे मातीचा बांध. बांधाच्या पोटात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उचलून आतलं पाणी सोडायचं, भरतीला पाडायचं. या बांधात खेकडे बिळं करतात, आणि बोटाएवढं बीळ उधाणाच्या एका भरतीत हंड्याएवढं होतं. म्हणून रोज सकाळी बांधावरून अनवाणी चालायचं आणि पायाला भुसभुशीत लागेल तिथे माती दाबायची. हे काम इनासच्या घराण्याकडे होतं.

एका वर्षी गावात तापाची साथ आली. आठ दिवसांत इनासची बायको गेली आणि मागोमाग दोन्ही मुली गेल्या. इनास रडला नाही. त्याने घराची खिडकी लावली ती लावलीच.

पुढे राखेचा बुधवार आला आणि चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झाला. इनासने मनाशी ठरवलं, असा उपास करायचा की देवाला खाली बघावंच लागेल. दिवस मावळल्यावर ओंजळभर पेज, बाकी नुसतं पाणी. देवळात तो गुडघ्यांखाली खडे घेऊन बसे. तिकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. लोक बोलू लागले, इनास संत होणार. ते त्याच्या कानावर गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते वाईट वाटलं नाही.

शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, उजाडला. हा दिवस पुनवेच्या आसपास येतो. त्यामुळे उधाणाची भरती बहुतेक वर्षी भर दुपारी चढते, प्रभूच्या मरणाच्या घटकेला. गावाचा रिवाज असा की बारा ते तीन कुणी देवळाबाहेर पडायचं नाही. फक्त उघाडी राखणारा सकाळी बांध तपासून येई, मागच्या दाराशी बसे आणि मधेच एकदा जाऊन बघून येई. त्या सकाळी इनासचे पाय उचलेनात. आज देव बघेल, असं म्हणून तो बांधावर न जाता देवळात गेला आणि सगळ्यांच्या पुढे बसला. क्रूसाचं चुंबन घ्यायला म्हणून उठला आणि तिथेच कोसळला. लोकांनी त्याला घरी नेलं, वारा घातला. कुणीकुणी त्याच्या पायांना हात लावून कपाळाला लावला. तेवढ्या वेळात उघाडीजवळच्या एका बिळातून समुद्र आत आला.

बावखल खारट झालं. केळी उभ्या वाळल्या. पाऊस लागेपर्यंत बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. इनासला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलली ती फक्त रुजाय. ती त्याची शेजारीण, तोंडाने फटकळ. एका दुपारी डोक्यावर दोन हंडे घेऊन ती त्याच्या ओट्यापाशी थांबली.

"इनास, उपास तू केलास," ती म्हणाली, "तहान आम्हाला लागली."

इनास तसाच उठून फादरांकडे गेला. "मला मोठं प्रायश्चित्त द्या. सांगाल ते करतो."

"सांगेन ते?"

"वर्षभर उपाशी राहतो."

"दोन वेळा जेव," फादर म्हणाले.

इनासला वाटलं, फादर चेष्टा करतायत. पण फादर हसत नव्हते.

"दोन वेळा जेव, आणि बांधावर रोज एक टोपली माती घाल. टोपली ओतताना एकदा 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हण. एकदाच. दोनदा म्हणावंसं वाटलं तर आधी मला येऊन सांग."

"किती दिवस?"

"ते विचारू नकोस."

हे कसलं प्रायश्चित्त, असं ऐकणाऱ्याला वाटेल. इनासलाही वाटलं. पण ज्या घरात चार पानं मांडली जायची तिथे एकच पान मांडून बसणं काय असतं, ते बसलेल्यालाच ठाऊक. पहिला घास त्याला गिळवेना. उपाशी राहणं त्यापेक्षा सोपं होतं. तो भिंतीकडे तोंड करून जेवला. दुसऱ्या दिवशीही जेवला. मग टोपली उचलून बांधावर गेला.

अशी वर्षं गेली. पावसात माती निसटे, उन्हात दगडासारखी होई, तरी टोपली चुकली नाही. प्रार्थनाही चुकली नाही. कधी ती म्हणताना डोळे भरून येत. पण पुष्कळ दिवस असे गेले की काहीच वाटलं नाही, शब्द तोंडात कोरड्या मातीसारखे फिरले. तो तरी म्हणे. काही वाटायला हवं, अशी अट फादरांनी घातली नव्हती.

पडाववाला पेद्रू येताजाता त्याची फिरकी घेई. "इनासबा, समुद्र बुजवायला काढलाय की काय?"

"समुद्र आहे तिथे बरा आहे रे," इनास म्हणे. "आपणच जरा उंच होऊ."

त्याचे पाय इतके जाणते झाले की मातीखालचं बीळ त्यांना हातभर आधी कळे. तो येताना दिसला की खेकडे आपणहून बाजूला होत, असं म्हणतात. त्याची प्रार्थना पुरी होईपर्यंत लाट काठाशी थांबून राही, असंही म्हणतात. शुभ शुक्रवारी मात्र तो देवळात जाईना. सगळं गाव क्रूसाचं चुंबन घेत असे तेव्हा तो बांधावर उघाडीपाशी बसलेला असे. बावीस वर्षं त्याच्या ओठांना क्रूस लागला नव्हता.

तेविसाव्या वर्षी शुभ शुक्रवार आणि पुनव एकाच दिवशी आली, आणि पश्चिमेचा वारा सुटला. भरती बाराच्या आधीच बांधाच्या कमरेला लागली. इनास आता म्हातारा झाला होता. पाणी बांधाच्या काठाशी आलं तेव्हा त्याने टोपली उचलली. बांध जिथे खचल्यासारखा होता तिथे ओतली आणि 'आमच्या बापा' म्हटलं. मग दुसरी आणली, मग तिसरी. देऊळ अर्ध्या कोसावर होतं. हाक पोचणारी नव्हती. पवित्र गुरुवारपासून घंटा मुकी असते, त्यामुळे धोक्याची घंटा होण्याचीही आशा नव्हती. लोकांना बोलवायला जावं तर परत येईपर्यंत बांध राहणार नव्हता. तो गेला नाही. श्वास पुरेना तशी प्रार्थनेत शब्दाशब्दाला धाप लागू लागली, पण एकही शब्द त्याने गाळला नाही.

देवळात सगळे गुडघ्यांवर होते. रुजाय आता आजीबाई झाली होती. खिडकीतून वारा आला आणि तिच्या ओठांवर खारट लागलं. ती रडत नव्हती. तिने पुन्हा ओठ चाटून बघितले आणि उभी राहिली.

"फादर, समुद्र देवळात आलाय. इनास तिकडे एकटा आहे."

"गप बस गं रुजायबाय," पेद्रू मागून कुजबुजला. "तीन वाजू दे."

"तीन वाजता काय, पोहत घरी जायचं?"

फादर वेदीजवळ उभे होते. तेही थकले होते. त्यांनी काही वेळ क्रूसाकडे पाहिलं. मग तो खांद्यावर घेतला आणि मधल्या वाटेने चालत दाराबाहेर पडले. आजवर त्या घटकेला क्रूस कधी देवळाबाहेर गेला नव्हता. सगळं गाव मागून निघालं, वाटेत ज्याला जी मिळाली ती टोपली उचलत.

ते पोचले तेव्हा इनास चिखलात गुडघ्यांवर होता. हातातली टोपली रिकामी होती आणि ओठ हलत होते. त्याच्यासमोर पाणी बांधाच्या वर हातभर उभं होतं आणि आत सांडत नव्हतं, असं म्हणतात. त्याची प्रार्थना पुरी होईपर्यंत ते तसं उभं राहिलं. समंजस लोक सांगतात की एकाच बांधावर रोज एक टोपली बावीस वर्षं पडत राहिली तर बांध हातभर उंच होणारच. दोन्ही खरं असेल.

लोकांनी रांग धरली. टोपल्या हातोहात गेल्या. तीनच्या सुमाराला पाणी उतरू लागलं. तेव्हा फादरांनी क्रूस इनासपुढे धरला, आणि त्याने चिखलाच्या तोंडाने त्याचं चुंबन घेतलं.

"बावखल?" त्याने विचारलं.

रुजाय तोवर जाऊन आली होती. तिने ओंजळ पुढे केली. "गोड आहे. पी."

इनास तिथेच बांधावर देवाघरी गेला, असं काही जण म्हणतात. ते तसं नाही. तो घरी गेला, हातपाय धुतले आणि भात खाल्ला. पुढेही चार वर्षं जगला.

आता तिथे सरकारने सिमेंटचा बांध घातला आहे. तरी शुभ शुक्रवारी दुपारी एक माणूस बांधावर बसतो. त्याला इनासची पाळी म्हणतात. ज्या घरात त्या वर्षी मरण झालं असेल त्या घराची पाळी. क्रूस आधी देवळातून निघून त्या माणसाकडे जातो, आणि त्याने चुंबन घेतल्यावर मगच गावाकडे परत येतो.

त्या दिवशी सगळं गाव उपाशी असतं. पाळीवाल्याला मात्र जेवल्याशिवाय बांधावर जाऊ देत नाहीत. अकराच्या सुमाराला शेजारची बाई पेज आणि सुकी मासळी घेऊन येते, समोर पाट मांडून बसते आणि म्हणते, "खा बाबा. मी आहे इथे." आणि ताट रिकामं होईपर्यंत ती उठत नाही.