पैलवानाचा खुराक

"मग कोणता व्यायाम करू, वस्ताद? तेवढं सांगा."

हिंदुराव तालमीच्या उंबऱ्यात उभा होता. एके काळी जिल्ह्याची गदा मारलेला गडी. कुस्ती सोडून अठरा वर्षं झाली, पण बोलण्यातली रग तशीच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना!

"डॉक्टर काय म्हणाला?" सिदू वस्तादांनी विचारलं. वय ऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले.

"लिव्हरवर चरबी चढलीय. आत्ता सावरलात तर उतरेल, म्हणाला. उशीर केलात तर लिव्हर कडक होत जाईल. रोज तासभर चाला, म्हणे!" हिंदुराव हसला. "पेन्शनरासारखं? मला काहीतरी जोराचं सांगा."

"खातोस काय?"

"तुम्ही लावून दिलेलंच. सकाळी तूप-बदामाची थंडाई, रात्री दोन लिटर दूध. एक दिवस चुकवलं नाही."

"आणि मेहनत?" वस्तादांनी दाराकडं पाहिलं.

दारात हिंदुरावची गाडी उभी होती. घर इथून दोन मैल.

वस्तादांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं. आखाड्याची माती रोज खणावी लागते, नाहीतर ती दगड होते. पहिल्याच घावाला म्हाताऱ्याचा तोल गेला.

"अहो, द्या इकडं!" हिंदुरावनं फावडं हिसकावून घेतलं.

पूर्वी तो अख्खा आखाडा एकटा खणायचा. आज दहाव्या घावाला धाप लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली. तो मातीतच बसला. लाज वाटली त्याला, आणि रडूही आलं.

"अठरा वर्षं, वस्ताद... तुमचं नाव घेऊन दूध-थंडाई पीत राहिलो. चुकलंच माझं."

"तुझं न्हाई." वस्ताद कण्हत त्याच्या शेजारी टेकले. "खुराक चढवायला मी शिकवलं. मैदान सुटल्यावर तो उतरवायचा कसा, ते शिकवायचं राहिलं. गावोगाव माझी पोरं अशीच बसल्यात रं..."

हिंदुरावनं बाहीनं डोळे पुसले.

"उद्या गाडी आणू नगंस," वस्ताद म्हणाले. "चालत ये. इकडनं मीबी चालत निघतो. वाटंत जिथं गाठ पडंल तिथं."

"अहो, पण तुमचे गुडघे..."

"मग तू लवकर नीघ."